मुदत संपलेले नाव कुणाचे?

दादरमधल्या एका जुन्या वाचनालयाची कल्पना करा. सभासद बेताचे, उत्पन्न त्याहून बेताचे. वीस वर्षांपूर्वी एका उत्साही सभासदाने वाचनालयाचे संकेतस्थळ तयार केले. इंटरनेटवरचे नाव त्याने स्वतःच्या खर्चाने नोंदवले आणि दरवर्षीचे पाचसातशे रुपयेही तोच भरत राहिला. हळूहळू ते नाव वाचनालयाच्या पाटीवर आले, पावतीपुस्तकावर आले, व्याख्यानमालेच्या पत्रिकांवर छापले गेले. पुढे तो सभासद परगावी गेला. त्याचा ईमेलचा पत्ता बदलला. नाव चालू ठेवण्यासाठी पैसे भरा, अशा सूचना जुन्या पत्त्यावर येत राहिल्या आणि कुणीच त्या वाचल्या नाहीत.

काही महिन्यांनी शाळेतल्या एका मुलीने वाचनालयाची वेळ पाहण्यासाठी ते नाव टाइप केले. पडद्यावर ऑनलाइन जुगाराची जाहिरात आली. कार्यकारिणीने धावपळ करून चौकशी केली, तेव्हा उत्तर मिळाले की नावाची मुदत संपली होती, ते दुसऱ्या कुणीतरी रीतसर नोंदवले आहे, आणि परत हवे असल्यास दीड लाख रुपये पडतील.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी खरी आहे. लहान संस्था, दुकाने, शाळा आणि कधीकधी मोठमोठ्या कंपन्यासुद्धा या पायऱ्यांवरून घसरलेल्या आहेत. येथे चोरी झाली का? नियमाने पाहिले तर नाही. मग अन्याय झाला का? हा प्रश्न तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी आधी हे नाव म्हणजे काय, ते कोण देतो आणि मुदत संपल्यावर त्याचे नेमके काय होते, हे पाहावे लागेल.

पत्ता शेवटून वाचायचा

इंटरनेटवरच्या प्रत्येक संगणकाला एक क्रमांक असतो. यंत्रांना क्रमांक सोयीचे, माणसांना नावे. सुरुवातीच्या काळात सगळ्या नावांची आणि क्रमांकांची एकच यादी अमेरिकेत ठेवली जात असे आणि प्रत्येक संगणक तिची प्रत उतरवून घेई. संगणक वाढले तशी ही यादी आवरेनाशी झाली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी त्यावर उपाय म्हणून 'डोमेन नेम सिस्टिम' ही रचना मांडली. एक मोठी यादी ठेवण्याऐवजी ती अनेकांत वाटून द्यायची, ही तिची मूळ कल्पना.

टपालाच्या पत्त्याशी तुलना केली तर ही कल्पना लवकर ध्यानात येते. पत्रावर आपण आधी माणसाचे नाव लिहितो, मग खोली, चाळ, रस्ता आणि शेवटी 'दादर (पश्चिम), मुंबई ४०० ०२८' किंवा 'दादर (पूर्व), मुंबई ४०० ०१४'. टपालखाते मात्र पत्ता शेवटून वाचते. आधी शहर, मग विभाग, मग रस्ता. इंटरनेटवरचे नावही असेच शेवटून वाचले जाते. नावाच्या शेवटी 'डॉट इन' असेल, तर संगणक आधी सर्वांत वरच्या, म्हणजे मूळ यंत्रणेला विचारतो, 'डॉट इनची नोंदवही कुणाकडे आहे?' उत्तर मिळाले की त्या नोंदवहीला विचारतो, 'या नावाची माहिती कोण देईल?' तिथून पुढचा पत्ता मिळतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्या आत होते.

या व्यवस्थेत तीन पातळ्यांवर माणसे आहेत. सर्वांत वर धोरण ठरवणारी 'आयकॅन' ही संस्था. ती १९९८ मध्ये स्थापन झाली. तिच्याखाली प्रत्येक शेपटाची, म्हणजे 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग', 'डॉट इन' यांची नोंदवही सांभाळणारी एकेक संस्था. आणि त्याखाली ग्राहकांना नावे विकणारे नोंदणीकार. आपण पैसे भरतो ते नोंदणीकाराकडे. तो त्यातला ठरलेला भाग नोंदवहीकडे पाठवतो.

भारताच्या 'डॉट इन' या नोंदवहीची सुरुवातीची वर्षे मुंबईतच गेली. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे तेव्हा हे काम होते. त्या काळी नाव मिळवण्याचे नियम कडक होते. १९९२ ते २००४ या बारा वर्षांत जेमतेम सात हजार नावे नोंदली गेली. २००५ मध्ये नियम सैल झाले आणि नोंदवही 'निक्सी' या संस्थेकडे आली. त्यानंतर नावांची संख्या लाखांत गेली. ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' हे शेपूट देवनागरीतही मिळू लागले, म्हणजे मराठी संस्थेला आपले नाव मराठी अक्षरांतच नोंदवता येऊ लागले.

मालक नव्हे, भाडेकरू

बोलताना आपण 'डोमेन विकत घेतले' असे म्हणतो, पण ते खरे नाही. नाव ठराविक मुदतीसाठी आपल्या नावे लावले जाते. ही मुदत एका वर्षापासून जास्तीत जास्त दहा वर्षांपर्यंत असते. मुदत संपण्याआधी पुन्हा पैसे भरायचे, म्हणजे ताबा पुढे चालू राहतो. थोडक्यात, आपण मालक नसून भाडेकरू असतो.

सुरुवातीला हे भाडेही नव्हते. नावे फुकट मिळत. सप्टेंबर १९९५ पासून डॉट कॉम नावांना वर्षाला ५० डॉलर आकार सुरू झाला. तेव्हापासून 'न भरल्यास काय?' हा प्रश्नही सुरू झाला.

पण घराच्या भाड्यापेक्षा येथे एक गोष्ट वेगळी आहे. रिकाम्या खोलीची किंमत तिच्या भिंतींवर आणि जागेवर ठरते. रिकाम्या नावाची किंमत ते वापरणाऱ्याने इतकी वर्षे केलेल्या कामावर ठरते. लोकांच्या तोंडी बसलेले नाव, इतरांनी आपापल्या पानांवरून दिलेले दुवे, छापील कागदांवर गेलेला पत्ता, हे सगळे त्या नावाला चिकटलेले असते. ते जुन्या भाडेकरूने कमावलेले आहे आणि नाव गेले की तेही जाते.

न्यायालयांनी नावाला असलेली ही किंमत ओळखली आहे. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफ या कंपनीचा दावा आला. कुणीतरी 'रॅडिफ' असे जवळजवळ सारखे नाव नोंदवले होते. इंटरनेटवरचे नाव म्हणजे केवळ पत्ता नव्हे, व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण त्यालाही मिळायला हवे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केले.

म्हणजे प्रसिद्ध व्यापारी नावाला कायद्याचा आधार आहे. पण 'सार्वजनिक वाचनालय' किंवा 'विद्यालय' यांसारख्या साध्या शब्दांचे नाव असलेल्या संस्थेने काय करावे? हे शब्द कुणा एकाचे नाहीत. त्यामुळे नव्या माणसाची लबाडी सिद्ध करणे अवघड असते. शिवाय वकील आणि लवाद यांचा खर्च नावाच्या किमतीहून जास्त होतो. कायद्याचा दरवाजा उघडा असला, तरी त्याचा उंबरठा लहान संस्थेला उंचच पडतो.

ऐंशी दिवसांचा हिशेब

मुदत संपली त्याच क्षणी नाव दुसऱ्याला दिले जात नाही. डॉट कॉमसारख्या नावांसाठी साधारण तीन टप्पे ठरलेले आहेत.

पहिला टप्पा जास्तीत जास्त ४५ दिवसांचा. मुदत संपताच नोंदवही आपोआप नोंदणीकाराकडून पुढच्या वर्षाचे पैसे कापून घेते. त्याने ४५ दिवसांच्या आत नाव रद्द केले, तर ते त्याला परत मिळतात. म्हणून तोवर तो ग्राहकाची वाट पाहू शकतो. या काळात जुना धारक बहुधा नेहमीच्या दराने किंवा थोडा दंड भरून नाव चालू करू शकतो. मात्र ४५ दिवस ही वरची मर्यादा आहे. त्यातले किती दिवस ग्राहकाला द्यायचे, हे नोंदणीकार आपल्या अटींत ठरवतो.

दुसरा टप्पा ३० दिवसांचा. नाव रद्द झालेले असते, पण फक्त जुन्या धारकाला ते सोडवून घेता येते, जसा गहाण टाकलेला दागिना सोडवतात तसे. त्यासाठीचा आकार नेहमीच्या फीच्या कित्येक पट असतो.

तिसरा टप्पा पाच दिवसांचा. या काळात कुणालाच काही करता येत नाही. पाचव्या दिवशी नाव नोंदवहीतून पुसले जाते आणि जो आधी मागेल त्याचे होते.

४५, ३० आणि ५ मिळून ८० दिवस झाले. २०१३ पासून आयकॅनच्या नियमाने नोंदणीकाराने मुदतीच्या सुमारे एक महिना आधी आणि एक आठवडा आधी सूचना द्यायची असते, आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत आणखी एक. नाव रद्द करण्यापूर्वी किमान आठ दिवस संकेतस्थळ बंद ठेवायचे असते. सूचना वाचली गेली नाही, तरी बंद पडलेले स्थळ पाहून कुणीतरी जागे होईल, असा त्यामागचा विचार आहे. 'डॉट इन'सारख्या देशोदेशींच्या नावांचे नियम ज्याच्या त्याच्या नोंदवहीचे असतात आणि मुदतीही वेगवेगळ्या असू शकतात.

विसर मोठ्यांनाही पडतो. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनी 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाचे ३५ डॉलर भरायला विसरली आणि हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांना आपली टपालपेटी उघडता येईना. एका तिऱ्हाईत संगणक-तंत्रज्ञाने नाताळच्या दिवशी स्वतःच्या कार्डावरून ते पैसे भरले, तेव्हा गाडी रुळावर आली. मायक्रोसॉफ्टला भला माणूस भेटला. आपल्या वाचनालयाला भेटेलच असे नाही.

आठ वाजता उघडणारी खिडकी

नाव मोकळे होते त्या क्षणी काय घडते, हे कोकणात जाणाऱ्या दादरकराला वेगळे सांगायला नको. गणपतीच्या दिवसांतल्या तुतारी एक्सप्रेसचे आरक्षण सकाळी आठ वाजता सुरू होते आणि चहा निवायच्या आत प्रतीक्षायादी लागते. नियम सर्वांना सारखाच असतो, पण बोटाने टाइप करणारा माणूस आणि त्यासाठीच बनवलेली संगणकप्रणाली यांची शर्यत सारखी नसते.

डॉट कॉमची सुमारे १५ कोटी नावे नोंदलेली आहेत आणि त्यांतली साधारण चारपैकी एक मुदतीनंतर पुढे चालू ठेवली जात नाहीत. त्यांतली बहुतेक कुणालाच नको असतात. पण ज्यांना किंमत आहे, ती टिपण्यासाठी खास कंपन्या टपून असतात. नाव मोकळे होताच सेकंदाच्या अंशात त्यांच्या यंत्रांकडून नोंदवहीकडे मागण्यांचा भडिमार होतो.

हा भडिमार आवरण्यासाठी नोंदवहीने प्रत्येक नोंदणीकाराला ठराविक जोडण्याच देण्याचा नियम केला. हेतू चांगला होता: सर्वांना सारखी संधी. पण त्यातून पळवाट निघाली. एकाच कंपनीने कागदोपत्री शेकडो नोंदणीकार उभे केले, तर तिच्या वाट्याला शेकडोपट जोडण्या येतात. २०१६ मध्ये एका अमेरिकी कंपनीने अशा सुमारे पाचशे नोंदणीकारांची एकदम भर घातली. प्रत्येकाची आयकॅनकडे भरायची ठरीव वार्षिक फीच ४,००० डॉलर, म्हणजे हा खेळ कुणाला परवडतो हे उघड आहे.

साधे गणित करून पाहू. दहा नोंदणीकार एका नावासाठी सारख्या वेगाने मागणी करतात, तर प्रत्येकाची संधी १० पैकी १, म्हणजे १० टक्के. आता त्यांतल्या एकाने ९० कागदी नोंदणीकार वाढवले. एकूण झाले १००, त्यांतले ९१ त्याचे. त्याची संधी ९१ टक्के झाली आणि उरलेल्या नऊ जणांची प्रत्येकी एक टक्का. नियम एका अक्षरानेही बदलला नाही. 'आधी येईल त्याला' हे तत्त्व पाटीवर तसेच राहिले. आत मात्र रांगेत पैसे मोजून जागा अडवणे सुरू झाले.

याला उत्तर नाही असे नाही. रेल्वेने १ जुलै २०२५ पासून इंटरनेटवरच्या तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी सक्तीची केली आणि अधिकृत एजंटांना पहिली तीस मिनिटे खिडकी बंद ठेवली. त्याने गैरप्रकार पूर्ण थांबले असे कुणी म्हणणार नाही. पण नियम करणाऱ्याने मनावर घेतले, तर शर्यतीची सुरुवातीची रेषा हलवता येते. इंटरनेटच्या नावांच्या बाबतीतही एकदा हे दिसले आहे. नवे नाव पाच दिवसांत परत केल्यास पैसे परत, अशी सवलत होती. तिचा फायदा घेऊन लाखो नावे फुकट घ्यायची, जाहिराती लावून पाहायच्या आणि परत करायची असा धंदा सुरू झाला. आयकॅनने परतफेडीवर मर्यादा घालताच २००८-०९ या वर्षभरात अशा परतीचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटले.

पागडी कुणाला मिळते?

शर्यतीपर्यंत न पोचणारी नावेही पुष्कळ असतात, आणि तीच बहुधा जास्त किमतीची. पहिल्या टप्प्यातल्या ४५ दिवसांतच नोंदणीकार नावाचा लिलाव पुकारतो. जुना धारक त्या मुदतीत आला नाही, तर नाव पुसलेच जात नाही. ते थेट लिलाव जिंकणाऱ्याच्या नावे लागते. नोंदणी करताना आपण ज्या लांबलचक अटी न वाचता मान्य करतो, त्यांत याला संमती दिलेली असते.

येथे दादर-गिरगावच्या चाळींतली पागडीची पद्धत आठवते. पागडीच्या खोलीचा भाडेकरू खोली दुसऱ्याला देतो, तेव्हा येणाऱ्या रकमेतला मोठा भाग त्याला मिळतो आणि ठरलेला हिस्सा, बहुतेक ठिकाणी साधारण एक तृतीयांश, घरमालकाला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ने या व्यवहाराला मान्यताही दिली आहे. या पद्धतीत दोष आहेत, पण एक गोष्ट तिने मान्य केली आहे: जागेला आलेल्या किमतीत इतकी वर्षे राहिलेल्या माणसाचाही वाटा आहे.

मुदत संपलेल्या नावाच्या लिलावात बहुधा याच्या उलट होते. किंमत वाढवली भाडेकरूने, आणि लिलावाची सगळी रक्कम जाते मध्यस्थाला. शिवाय सूचना देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्यालाच ग्राहक न जागण्यात फायदा आहे. सगळे नोंदणीकार अप्रामाणिक असतात असे मुळीच नाही. पण ज्या व्यवस्थेत राखणदाराला चोरीत वाटा मिळू शकतो, ती व्यवस्था केवळ राखणदाराच्या चांगुलपणावर सोडू नये.

लिलाव ही पद्धत मुळात वाईट असते असेही नाही. वाहनाचा आवडीचा क्रमांक हवा असेल, तर परिवहन कार्यालयात जादा शुल्क भरावे लागते, आणि एकाच क्रमांकासाठी अनेक अर्ज आले तर जास्त रक्कम देणाऱ्याला तो मिळतो. पण ते पैसे सरकारी तिजोरीत जातात. तेव्हा लिलावाबद्दल विचारायचा प्रश्न 'बोली का लावली?' हा नसून 'पैसे कुणाकडे गेले?' हा आहे.

२००२ मध्ये डॉट कॉमची नोंदवही चालवणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने एक वेगळा मार्ग सुचवला होता. कुणीतरी आज वापरत असलेल्या नावासाठीही वार्षिक फी भरून प्रतीक्षायादीत पहिला क्रमांक लावून ठेवायचा. नाव सुटले, तर ते यादीतल्या माणसाला मिळेल. शर्यत संपेल, गोंधळ थांबेल, असा युक्तिवाद होता. त्यावर मोठे वादंग झाले. नाव सुटेल की नाही याची खात्री नसताना पैसे घ्यायचे, आणि अनेकांची स्पर्धा मोडून सगळा धंदा एकाच मक्तेदाराकडे द्यायचा, हे नोंदणीकारांना मान्य नव्हते. प्रकरण न्यायालयांत गेले आणि योजना शेवटी अमलात आलीच नाही. रांग नीट लावण्याच्या उपायातही रांगेचे पैसे कोण घेणार, हा प्रश्न सुटत नाही, हे त्यातून दिसले.

ज्याला कुणी विचारत नाही असा तिसरा पक्ष

आतापर्यंत आपण जुना धारक, नवा धारक आणि मध्यस्थ यांचाच विचार केला. पण जुगाराची जाहिरात दिसली ती शाळेतल्या मुलीला. तिने कोणताच करार केलेला नव्हता. पाटीवरच्या नावावर विश्वास ठेवला, इतकेच.

नाव बदलले तरी लोकांचा विश्वास लगेच बदलत नाही. ईमेलच्या बाबतीत हे फारच धोक्याचे आहे. नाव ज्याच्याकडे जाते, त्याला त्या नावावर येणारी पत्रेही मिळू शकतात. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका सुरक्षा-संशोधकाने वकिलांच्या जुन्या, सोडून दिलेल्या कंपन्यांची नावे प्रयोग म्हणून नोंदवली. त्यांच्याकडे अशिलांची गोपनीय पत्रे येऊ लागली. इतर सेवांचे विसरलेले पासवर्डही अशा पत्त्यावर मागवता येतात. २०२४ मध्ये तर संशोधकांनी 'डॉट मोबी' या नोंदवहीच्याच चौकशी-यंत्राचे सुटलेले जुने नाव २० डॉलरना घेतले आणि काही दिवसांत जगभरातल्या लाखाहून अधिक संगणकांच्या विचारणा त्यांच्याकडे आल्या. विचारणाऱ्या यंत्रांना पत्ता बदलल्याची खबरच नव्हती.

दूरध्वनीच्या जगात या तिसऱ्या पक्षाचा थोडा तरी विचार झाला आहे. बंद झालेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्या ग्राहकाला देत नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने हीच मुदत सांगितली. या ९० दिवसांत क्रमांक मुका राहतो आणि ओळखीच्या लोकांना तो बंद झाल्याचे कळते. नावाच्या बाबतीत ८० दिवस जास्तीत जास्त असू शकतात, पण लिलावातून गेलेले नाव त्याहून कितीतरी लवकर नव्या रूपात बोलू लागते.

आपल्याकडे हा प्रश्न आता तातडीचा झाला आहे. बनावट संकेतस्थळांना आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'डॉट बँक डॉट इन' ही खास नावे जाहीर केली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांना त्यांवर येण्यास सांगितले. ही नावे कुणालाही मिळत नाहीत, बँकांनाच मिळतात. पाऊल योग्यच आहे. पण पासबुकांवर, धनादेशांवर आणि लोकांच्या डोक्यात जुनी नावे वर्षानुवर्षे राहणार. ती बँकांनी खर्च वाचवण्यासाठी सोडून दिली, तर ठगांना आयतीच मिळतील. नवे घर घेतले तरी जुन्या घराला कुलूप हवेच.

न्याय्य म्हणजे काय?

सुटलेली नावे कायमची गोठवावीत, असे म्हणता येईल का? तसे केले तर काही वर्षांत साधी, सोपी नावे संपतील आणि नव्या पिढीच्या संस्थांना नावेच उरणार नाहीत. नको असलेले नाव दुसऱ्याच्या उपयोगी पडावे, हे योग्यच आहे. यादीत नाव घालून ते कायमचे अडवणे नोंदणीकाराला शक्य नसते, हेही ध्यानात ठेवावे. जून २०२० च्या एका आदेशात मुंबई उच्च न्यायालयाने हे नीट समजावून दिले आहे. नोंदणीकार नोंदलेले नाव निलंबित करू शकतो, पण नोंदणीची सगळी क्रिया यंत्राने चालते आणि अमुक नावे कधीच देऊ नयेत अशी काळी यादी त्याला ठेवता येत नाही, असे त्यात म्हटले आहे.

तेव्हा मधला मार्ग शोधायला हवा. कोणत्याही पद्धतीला चार प्रश्न विचारून पाहावेत. एक, जुन्या धारकाला खरोखर कळले का? केवळ पत्र पाठवले एवढे पुरेसे नाही. दोन, चूक सुधारण्याची किंमत चुकीच्या मानाने आहे का? सातशे रुपयांच्या विसरासाठी दीड लाखांचा दंड कोणत्याच शाळेत योग्य ठरणार नाही. तीन, नव्याने मागणाऱ्यांना खरीच समान संधी आहे का, की पैशाने संधी विकत मिळते? चार, ज्यांनी नावावर विश्वास ठेवला, त्यांना नाव बदलल्याचे कळण्याइतका वेळ दिला का?

आजची पद्धत पहिल्या प्रश्नात काठावर उत्तीर्ण होते. दुसऱ्यात तिचे गुण नोंदणीकारावर अवलंबून आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांत ती नापास होते. सर्वांसाठी बंधनकारक असा किमान मुका काळ, सोडवणुकीच्या आकारावर मर्यादा आणि लिलावाच्या रकमेत जुन्या धारकाला वाटा, एवढ्या तीन सुधारणांनी बराच फरक पडेल. त्यांतली एकही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. अडचण एवढीच की ज्यांच्या हातात नियम बदलणे आहे, त्यांतल्या काहींचे उत्पन्न आजच्या नियमांवर चालते.

वर्गात करून पाहा

आठवी ते बारावीच्या वर्गात हा विषय एका तासात खेळता येतो. दहा विद्यार्थी निवडा. प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी डब्यात टाका. फळ्यावर 'सुटलेले नाव' लिहा आणि चिठ्ठी काढून ते कुणाला मिळाले हे नोंदवा. चिठ्ठी परत डब्यात टाकून असे वीस वेळा करा. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दोन नावे येतील. आता एका विद्यार्थ्याच्या नावाच्या आणखी ९० चिठ्ठ्या टाका आणि पुन्हा वीस वेळा काढा. अठराच्या आसपास नावे त्या एकट्याला मिळतील. नियम बदलला होता का, हे वर्गाला विचारा.

तिसऱ्या फेरीत प्रत्येकाला कमीजास्त चिंचोके द्या आणि नावाचा लिलाव करा. जमलेले चिंचोके कुणाला द्यायचे, यावर वर्गात चर्चा होऊ द्या. शेवटच्या फेरीत तीन विद्यार्थ्यांची समिती नेमून प्रत्येकाला 'मला हे नाव का हवे' हे सांगायला लावा. चारही पद्धतींचे गुणदोष मुले स्वतःच सांगू लागतील. रेशनचे दुकान, शाळाप्रवेश, म्हाडाची सोडत अशी उदाहरणेही तीच देतील.

आपल्या शाळेपुरते

व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर आपल्या शाळेचे नाव आपणच जपावे. नाव एखाद्या शिक्षकाच्या किंवा संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावे नसावे, संस्थेच्या नावे असावे. संपर्कासाठी दिलेला ईमेल त्याच नावावरचा नसावा, कारण नाव बंद पडले की ती पेटीही बंद पडते आणि सूचना वाचायला कुणी राहत नाही. शक्य असेल तर पाच किंवा दहा वर्षांचे पैसे एकदम भरावेत. मुदतीची तारीख कार्यालयाच्या नोंदवहीत लिहावी आणि मुख्याध्यापक बदलताना चार्जच्या यादीत चाव्यांबरोबर तीही द्यावी. नाव सोडून द्यायचेच झाले, तर त्यावरची खाती आधी बंद करावीत, छापील कागदांवरचा पत्ता बदलावा, आणि त्यानंतरही दोनतीन वर्षे ते स्वतःकडे ठेवून मगच सोडावे.

हे सगळे करायला एक तास पुरतो. आपल्या शाळेच्या नावाची मुदत कधी संपते, हे आज किती जणांना सांगता येईल? उद्या शाळेत गेल्यावर आधी ती तारीख पाहावी.